बाराशे रुपयांचा हप्ता

जबलपुरात सॉफ्टवेअर लिहून घर चालवणारे लोक २००० सालच्या आसपास फार थोडे होते. शहर कारखान्यांचं आणि कचेऱ्यांचं. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, १९६९ ची व्हेइकल फॅक्टरी, मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय, रामपूरला वीज मंडळाचं मुख्यालय. जिथे पगारदार तिथे पतसंस्था. इथल्या बोलीत त्यांना साख समिती म्हणतात. मोठ्या कचेऱ्यांची संगणकाची कामं बाहेरगावच्या कंपन्यांकडे जात. साख समित्यांना मात्र संध्याकाळी फोन केला की स्कूटरवर येऊन उभा राहील असा गावातलाच माणूस हवा असे. अशा काही समित्यांचं काम माझ्याकडे होतं. त्यांतल्या एका समितीत माझ्या हातून जे झालं ते इथे लिहितो आहे. समितीचं नाव देत नाही, कारण चूक तिची नव्हती.

आधी फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम मी २००३ साली जावामध्ये नव्याने लिहायला घेतला. तोवर मी ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत टर्बो सी प्लस प्लसवर शिकलो होतो. ती शिकवण्याची आपल्याकडची रीत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना आठवत असेल: इनहेरिटन्सचे पाच प्रकार, प्रत्येकाची आकृती, प्रत्येकाला गुण. प्राण्यापासून कुत्रा, आकृतीपासून वर्तुळ, वाहनापासून मोटार. बाणांची दिशा वर की खाली यावर तोंडी परीक्षेत प्रश्न येत. या सगळ्या शिकवणीत एक गोष्ट कुणी विचारली नव्हती आणि मीही कुणाला विचारली नव्हती. ऑब्जेक्ट बनायला सुरुवात झाल्यापासून तो पूर्ण बनेपर्यंतच्या मधल्या वेळात तो कोण असतो?

हा प्रश्न कोरडा वाटेल. त्याची किंमत पुढे काही सभासदांनी आणि एका हिशेबनीस बाईंनी मोजली, म्हणून तो आधी नीट सांगतो.

क्लास म्हणजे एका जातीच्या वस्तूंचं वर्णन. 'कर्ज' हा क्लास: सभासद क्रमांक, मुद्दल, हप्त्यांची संख्या, व्याजाचा दर, मासिक हप्ता. प्रत्यक्ष कुणी कर्ज घेतलं की त्या वर्णनावरून एक ऑब्जेक्ट तयार होतो. तो तयार करणाऱ्या भागाला कन्स्ट्रक्टर म्हणतात. 'सणअग्रिम' हे कर्जच, पण त्याचे काही नियम वेगळे. म्हणून 'कर्ज' हा पॅरेंट क्लास ठेवून 'सणअग्रिम' हा त्याचा चाइल्ड क्लास करायचा, आणि जे वेगळं आहे तेवढंच त्यात लिहायचं. एखादी मेथड, म्हणजे एक काम करून देणारा कोडचा भाग, चाइल्डने आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिली तर तिला ओव्हरराइड केली म्हणतात.

चाइल्डचा ऑब्जेक्ट बनवताना आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो, मग चाइल्डचा. ही रीत मुळात जावाची नाही, सी प्लस प्लसचीही नाही. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा घडवली, तिच्यातच क्लासला दुसऱ्या क्लासचं पूर्वपद लावण्याची सोय होती आणि पूर्वपदाचा मजकूर आधी चालत असे. पुढे केंब्रिजमध्ये सिम्युला वापरलेले ब्यार्ने स्ट्रूस्त्रुप बेल लॅबमध्ये गेले आणि १९७९ पासून त्यांनी सी भाषेला क्लास जोडायला घेतले, तेव्हाही क्रम हाच राहिला. माझे वडील व्हेइकल फॅक्टरीत होते. शक्तिमान ट्रकचं चॅसिस आधी, मग त्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स, मग केबिन, हा क्रम मी लहानपणी त्यांच्याकडून ऐकला होता, त्यामुळे कन्स्ट्रक्टरचा क्रम मला लगेच पटला. पण नुसत्या चॅसिसवर कुणी माल चढवत नाही, हेही त्यांनी सांगितलं असणार. माझ्या कोडमध्ये मी नेमकं तेच केलं.

'कर्ज' क्लासच्या कन्स्ट्रक्टरच्या शेवटी मी एक ओळ लिहिली: हप्ता काढ. हेतू चांगला होता. कर्जाचा ऑब्जेक्ट तयार झाला आणि हप्ता काढायचा राहिला, असं कधी होऊ नये. फॉक्सप्रोच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ते दोन-तीनदा झालं होतं, म्हणून ही खबरदारी. साध्या कर्जासाठी ती ओळ बिनचूक चालत होती, कारण मुद्दल, हप्त्यांची संख्या आणि बारा टक्के दर हे तिन्ही 'कर्ज' क्लासमध्येच होते आणि त्या ओळीच्या आधी भरले गेलेले होते.

२००४ च्या दसऱ्याआधी कार्यकारिणीने सणअग्रिमावरचा दर सहा टक्के केला. जबलपूरचा दसरा मोठा असतो. दुर्गेच्या मूर्तींचे मांडव, रात्रभर चालणारी मिरवणूक, पाहुणे, नवे कपडे. खर्च त्याच महिन्यात येतो आणि दिवाळी मागोमाग उभी असते. सभासदांना त्या सवलतीचा खरा उपयोग होता. मी 'सणअग्रिम' हा चाइल्ड क्लास लिहिला, त्यात 'सवलतीचा दर' हे त्याचं स्वतःचं फील्ड ठेवलं, आणि हप्ता काढणारी मेथड ओव्हरराइड केली. सवलतीच्या दराने सरळव्याज काढ, मुद्दलात मिळव, हप्त्यांच्या संख्येने भाग. कोड छोटा होता. मला तो सुंदर वाटला होता, आणि आजही ती छापील पानं पाहिली तर एका ओळीपलीकडे त्यात चूक सापडत नाही.

आता काय घडत होतं ते पाहा. सणअग्रिमाचा ऑब्जेक्ट बनू लागला. आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालला. त्याने मुद्दल भरलं, हप्त्यांची संख्या भरली आणि शेवटच्या ओळीत हप्ता काढायला सांगितलं. जावा अशा वेळी चाइल्डने ओव्हरराइड केलेली मेथड बोलावते. ती मेथड चालली, तिने सवलतीचा दर वाचला. पण तो दर भरणारा चाइल्डचा कन्स्ट्रक्टर अजून सुरूच झालेला नव्हता. जावा कुठल्याही फील्डमध्ये कचरा राहू देत नाही. ऑब्जेक्टसाठी जागा घेतानाच सगळे आकडे शून्यावर आणते. मेथडला दर मिळाला शून्य. शून्य टक्क्याने हप्ता निघाला आणि तो नोंदवला गेला. त्यानंतर चाइल्डचा कन्स्ट्रक्टर चालला आणि दर सहा झाला. ऑब्जेक्ट पूर्ण झाला तेव्हा त्यात सहा टक्के दर होता आणि शून्य टक्क्याचा हप्ता होता. कंपायलरने तक्रार केली नाही, प्रोग्रॅम कुठे अडला नाही.

बारा हजारांचं अग्रिम दहा हप्त्यांत घेतलं तर सहा टक्के सरळव्याजाने दहा महिन्यांचं व्याज सहाशे रुपये. एकूण बारा हजार सहाशे, हप्ता १,२६० रुपये. जुन्या बारा टक्के दराने तो १,३२० झाला असता. माझा प्रोग्रॅम सांगत होता १,२००.

हेच सी प्लस प्लसमध्ये लिहिलं असतं तर काय झालं असतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या भाषेत पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत ऑब्जेक्ट पॅरेंटचाच मानला जातो, त्यामुळे पॅरेंटची मेथड चालली असती आणि हप्ता १,३२० निघाला असता. तोही चूक. पण जास्तीचा हप्ता पहिल्याच पगारात सभासदांच्या डोळ्यांत भरला असता आणि महिन्याभरात मला पकडलं गेलं असतं. दोन्ही भाषांचे नियम त्यांच्या जागी विचारपूर्वक केलेले आहेत. मी एक भाषा शिकलो, दुसरीत काम करू लागलो आणि दोन्हींत फरक असेल अशी शंकाही घेतली नाही.

पहिले काही अर्ज मंजूर झाले त्याच संध्याकाळी हिशेबनीस बाईंनी मला बोलावलं. बाई त्या समितीत माझ्या कितीतरी आधीपासून होत्या. संगणक येण्यापूर्वी सगळी खातेवही त्यांच्या हाताची होती. मंजुरीचा कागद पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "भैया, किस्त कुछ हलकी लग रही है।"

मी त्यांना सांगितलं की दर बारावरून सहा झाला आहे, म्हणून हप्ता हलका दिसतो. त्या म्हणाल्या, ते ठाऊक आहे, तरी इतका कमी होणार नाही. मग मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पडद्यावर ते कर्ज उघडून दाखवलं. दर: सहा. मुदत: दहा. मुद्दल: बारा हजार. सगळं बरोबर होतं. "देखिए, छह परसेंट ही लगा है," मी म्हणालो. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि सही केली.

बारा हजारांना दहाने भागायला कागद लागत नाही. बाराशे हा आकडा आमच्या दोघांच्या समोर होता. मी भागाकार केला नाही. मी दर तपासला, कारण दराचा कोड मी नुकताच लिहिला होता आणि तो बरोबर आहे हे मला सिद्ध करायचं होतं. त्या हप्त्याबद्दल विचारत होत्या आणि मी दराबद्दल उत्तर देत होतो. कोडमधली ओळ ही माहितीची कमतरता होती. ती कुणाचीही होऊ शकते. ही संध्याकाळ तशी नव्हती. एका जाणत्या माणसाने बरोबर जागी बोट ठेवलं होतं, आणि मी माझ्या पदवीचा आणि त्या पडद्याचा वापर करून ते बोट तिथून हलवलं. त्यांची सही माझ्या शब्दावर झाली. पुढे तीच त्यांच्या विरोधात वापरली गेली.

मार्चअखेरचा हिशेब बिनबोभाट पार पडला. कारण दर महिन्याचं व्याज प्रोग्रॅम पूर्ण झालेल्या ऑब्जेक्टवरून काढत होता आणि तिथे दर सहाच होता. दरमहा साठ रुपये व्याजाला, उरलेले ११४० मुद्दलाला. व्याजाच्या खात्यात पैसे बरोबर जमा होत होते, त्यामुळे तपासनीसांना खोट दिसायचं कारण नव्हतं. मात्र दहा महिन्यांत मुद्दलापोटी जमा झाले ११,४००. दहावा हप्ता कापला गेला, सभासदांनी अग्रिम फिटलं असं धरलं, आणि खात्यावर प्रत्येकाचे काहीशे रुपये बाकी राहिले. बारा हजारवाल्याचे सहाशे.

त्या बाकीची कुणाला जाणीव झाली नाही, कारण पगारातून कपात थांबली होती. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. २००५ च्या दसऱ्याला पुन्हा सणअग्रिमाचे अर्ज आले. प्रोग्रॅममध्ये मीच एक तपासणी लिहिलेली होती: आधीचं अग्रिम पूर्ण फिटलेलं नसेल तर नवं मंजूर करू नये. ती तपासणी चोख चालली. ज्यांनी मागच्या वर्षी अग्रिम घेऊन एकही हप्ता चुकवला नव्हता, त्या सगळ्यांचे अर्ज थकबाकीदार म्हणून परत गेले.

दसऱ्याच्या तोंडावर खिडकीपुढे माणसं उभी होती. कारखान्यात पाळी करून आलेली, पगाराची पावती हातात घेतलेली. त्यांच्या पावतीवर दहा कपाती दिसत होत्या आणि पडद्यावर थकबाकी दिसत होती. खिडकीच्या आत बाई होत्या. लोक त्यांना विचारत होते, पैसे कुठे गेले? सरकारी कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला थकबाकीदार हा शिक्का किती लागतो हे मला घरातून ठाऊक होतं. वडिलांनी कधी दुकानदाराचीसुद्धा उधारी महिन्यापलीकडे ठेवली नाही. कार्यकारिणीने बाईंकडून लेखी खुलासा मागितला, कारण मंजुरीच्या प्रत्येक कागदावर सही त्यांची होती.

मला हे कळलं तेव्हा मी इंदूरला दुसऱ्या कामावर होतो. परत आलो, सोर्स कोड उघडला आणि पहिल्यांदा तो भागाकार केला. शून्य टक्के लागला आहे हे लगेच दिसलं; का लागला हे समजायला रात्र गेली. प्रत्येक ओळीनंतर आकडे छापत गेलो, तेव्हा हप्ता काढला जातो त्या क्षणी दर शून्य आहे आणि नंतर सहा होतो हे पाहिलं. मी दर तपासला होता, पण तो भरून झाल्यानंतर.

कार्यकारिणीपुढे मी गेलो आणि चूक माझी असल्याचं लिहून दिलं. बाईंनी पहिल्याच दिवशी शंका काढली होती आणि मी ती चुकीची ठरवली, हेही त्यात लिहिलं. खुलाशाची मागणी मागे घेतली गेली. फरकाची रक्कम सभासदांकडून छोट्या हप्त्यांत घ्यायची आणि नवे अर्ज मंजूर करायचे असं ठरलं, पण तोवर काहींचा दसरा होऊन गेला होता. मी त्या वर्षीच्या देखभालीचे पैसे घेतले नाहीत. ती भरपाई होती असं मी समजत नाही. खिडकीवर बाईंना जे ऐकावं लागलं त्याची भरपाई करणं माझ्या हातात नव्हतं.

घाईने केलेली पहिली दुरुस्तीही चुकली, तेही सांगायला हवं. मी विचार केला की हप्ता काढायच्या वेळी दर शून्य असतो ना, मग दर भरणारी ओळ चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमधून काढून ओव्हरराइड केलेल्या मेथडमध्ये हलवू; तिथेच आधी दर भरू आणि मग हप्ता काढू. हप्ता १,२६० निघाला. पण चाइल्ड क्लासमध्ये फील्ड जाहीर करतानाच मी त्याला सुरुवातीची किंमत शून्य लिहून ठेवली होती. जावामध्ये अशा सुरुवातीच्या किमती पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर संपल्यावर भरल्या जातात. म्हणजे मेथडने दर सहा केला, हप्ता बरोबर काढला, आणि मग ती शून्याची ओळ चालून दर पुसला गेला. आता हप्ता बरोबर आणि दर शून्य. या वेळी बाईंनी पहिलीच पावती वाचून मला थांबवलं. आम्ही दोघांनी कागदावर हिशेब केला, आणि ती दुरुस्ती कुणाच्याही खात्यापर्यंत पोहोचली नाही.

शेवटी मी कन्स्ट्रक्टरमधून ती ओळच काढली. कन्स्ट्रक्टरने फक्त दिलेली माहिती साठवायची. कर्ज तयार करणारी एक वेगळी स्टॅटिक मेथड लिहिली; ती आधी ऑब्जेक्ट पूर्ण बनवते आणि मगच त्याला हप्ता काढायला सांगते. 'कर्ज' क्लासचा कन्स्ट्रक्टर बाहेरच्या कोडला दिसणार नाही असा केला, म्हणजे हप्ता न काढता कर्ज बनवायची वाटच उरली नाही. माझा मूळ हेतू तोच होता. तो पुरा करायला ही सरळ वाट होती आणि मी ती शोधली नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी जोशुआ ब्लॉक यांचं 'इफेक्टिव्ह जावा' हाती आलं. ब्लॉक तेव्हा जावाच्या मूळ ग्रंथालयावर काम केलेले अभियंते होते आणि पुस्तकाची पहिली आवृत्ती २००१ ची. ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलावू नये, हा नियम त्यात कारणासह दिलेला आहे. उदाहरणही जवळपास माझ्याच चुकीचं आहे. स्कॉट मायर्स यांच्या 'इफेक्टिव्ह सी प्लस प्लस'च्या २००५ च्या आवृत्तीत त्याच विषयावर स्वतंत्र कलम आहे. माझ्या चुकीच्या तीन वर्षं आधी ब्लॉकनी हे छापलेलं होतं. जबलपुरात असं पुस्तक दुकानात मिळत नसे, नागपूरहून मागवावं लागे, हे खरं. पण मी मागवलंही नव्हतं. भाषा येते म्हणजे भाषेचा व्यवहार येतो, अशी माझी समजूत होती.

हे वाचल्यावर मी माझं बाकीचं कामही नव्या नजरेने पाहू लागलो आणि आणखी एक चूक सापडली. ती शांतपणे नुकसान करत होती. प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार लागतात आणि जामीनदार हा सभासदच असावा लागतो. म्हणून मी 'जामीनदार' हा 'सभासद' क्लासचा चाइल्ड केला होता. कुत्रा हा प्राणी, तसा जामीनदार हा सभासद. वाक्य बरोबर होतं. पण कुत्रा जन्मभर कुत्रा असतो, आणि सभासद आज जामीनदार असतो, कर्ज फिटलं की नसतो, आणि कधी दोन कर्जांना जामीन असतो. माझ्या रचनेत एकाच माणसाचे दोन किंवा तीन ऑब्जेक्ट बनत होते, प्रत्येकाचा पत्ता स्वतंत्र. रांझीहून कुणी अधारतालला राहायला गेला तर सभासदाचा पत्ता बदलला जाई, जामीनदाराचा तसाच राही. नोटिसा जुन्या घरी जात, आणि ज्याच्या नावाने नोटीस त्याच्याआधी ती जुन्या शेजाऱ्यांच्या हाती पडे. एका गृहस्थांची भाचीच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी अशीच अडचण झाली, असं मला नंतर कळलं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली.

जामीनदार असणं ही माणसाची भूमिका आहे, त्याची जात नव्हे. सभासद एकच ठेवायचा आणि कर्जाने त्याच्याकडे निर्देश करायचा, एवढं पुरेसं होतं. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस या चौघांनी १९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स'मध्ये इनहेरिटन्सपेक्षा ऑब्जेक्ट एकमेकांशी जोडून काम करण्याला पसंती द्यावी असं आग्रहाने मांडलं होतं. या बाबतीत जावा घडवणारेही घसरले आहेत. जावाच्या मूळ ग्रंथालयात 'स्टॅक' हा 'व्हेक्टर'चा चाइल्ड आहे. स्टॅकमध्ये फक्त वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं असतं, पण व्हेक्टरकडून मिळालेल्या मेथडमुळे त्याच्या मधोमधही काहीही घालता येतं. पहिल्या आवृत्तीपासून ते तसंच आहे आणि आता काढता येत नाही, कारण जगभरचे प्रोग्रॅम त्यावर उभे आहेत. इनहेरिटन्सचं नातं एकदा जाहीर झालं की ते परत घेणं इतकं अवघड असतं.

इनहेरिटन्सचीच आणखी एक चूक मुदत ठेवीत झाली होती, ती थोडक्यात. 'खाते' क्लासमध्ये पैसे काढण्याची मेथड होती आणि 'मुदत ठेव' हा त्याचा चाइल्ड. मुदतीआधी पैसे काढता येत नाहीत म्हणून तिथे ती मेथड मी एरर देईल अशी ओव्हरराइड केली, आणि सगळ्या खात्यांतून वार्षिक वर्गणी वळती करणारी प्रक्रिया पहिल्याच ठेवीपाशी बंद पडली. पॅरेंट जिथे चालतो तिथे चाइल्ड बिनतक्रार चालला पाहिजे, हे बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ सालच्या भाषणात मांडलं होतं. ही चूक निदान आवाज करून फुटली. त्याच दुपारी मी ती दुरुस्त केली.

२००५ सालीच जबलपुरात द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था सुरू झाली. आता डुमना रस्त्यावर तिचा मोठा परिसर आहे. तिथली आणि गोकलपूरच्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं उन्हाळ्यात माझ्याकडे शिकायला येतात. मी त्यांना तो जुना 'सणअग्रिम' क्लास देतो, काही न सांगता, आणि हप्ता किती येईल ते आधी कागदावर लिहायला सांगतो. बहुतेक जण १,२६० लिहितात. हुशार मुलंही लिहितात. मग प्रोग्रॅम चालवला की खोली शांत होते आणि पुढचा तासभर प्रश्न थांबत नाहीत. मला त्या तासाचा फार आनंद होतो. इनहेरिटन्सच्या पाच प्रकारांची आकृती काढून असा तास मला कधी मिळाला नसता.

भाषाही शिकत आहेत. कॉटलिनमध्ये क्लास मुळातच बंद असतो. चाइल्ड हवा असेल तर तो उघडा आहे असं लिहावं लागतं. गो आणि रस्ट या भाषांनी क्लासचं इनहेरिटन्स ठेवलंच नाही. आणि खुद्द जावाने सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या पंचविसाव्या आवृत्तीत जुना नियम सैल केला: पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरला बोलावण्याआधी चाइल्डला आता स्वतःची फील्ड भरता येतात. ही सोय २००४ साली असती आणि मी ती वापरली असती, तर सणअग्रिमाचा दर वेळेवर भरला गेला असता. पण ती वापरायची गरज आहे हे त्याआधी मला कळायला हवं होतं, आणि 'कर्ज' क्लास लिहिताना पुढे कधी सणअग्रिम येईल हे मला माहीत नव्हतं. पॅरेंट लिहिणाऱ्याला चाइल्ड कधीच माहीत नसतो. म्हणून जबाबदारी पॅरेंट लिहिणाऱ्यावरच राहते.

त्या बाई २०११ साली निवृत्त झाल्या. शेवटच्या वर्षांत प्रत्येक बदल आधी त्यांच्यासमोर ठेवायचा आणि त्यांनी हाताने काढलेले आकडे प्रोग्रॅमशी जुळले तरच चालू करायचा, असा क्रम आम्ही ठेवला होता. त्यांनी काढलेल्या अशा आकड्यांची वही मी त्यांच्याकडून मागून घेतली. आजही त्या समितीच्या प्रोग्रॅमची चाचणी त्याच आकड्यांवर होते.

पतसंस्था, शाळा, दवाखाने, नगरपालिका यांचे त्या काळात लिहिलेले जावाचे प्रोग्रॅम गावोगाव अजून चालू आहेत आणि ते लिहिणारे बहुतेक दुसरीकडे गेले आहेत. असा एखादा प्रोग्रॅम तुमच्या हाती असेल तर या आठवड्यात एवढं करा. ज्या क्लासला चाइल्ड आहेत त्या प्रत्येकाचा कन्स्ट्रक्टर उघडा आणि त्यातून कुठल्या मेथड बोलावल्या आहेत ते पाहा. त्यांतली एखादी प्रायव्हेट, स्टॅटिक किंवा फायनल नसेल तर तिथून हलवा. मग एक नवं खातं उघडून त्याचा पहिला आकडा कागदावर काढून पाहा, आणि तो काढताना रोज ते काम करणाऱ्या माणसाला शेजारी बसवा.